‘नेश’चा अर्धाच अर्थ

इथे परदेशात, तुआसच्या आमच्या ऑफिसात एक इंग्रज इंजिनियर आहेत, निवृत्तीला आलेले. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि हे एसीत लोकरी जॅकेट चढवून बसतात. एकदा मी चिडवलं तेव्हा म्हणाले, त्यांच्या गावाकडे अशा माणसाला ‘नेश’ म्हणतात. शब्द हजारेक वर्षांचा. मूळ अर्थ नुसता मऊ. पुढे त्याचा नाजूक झाला आणि मग थंडी न सोसणाऱ्याला मारायचा टोमणा. मला जुने शब्द आवडतात, टोमणे तर फारच. हा मी लगेच घरी घेऊन आले.

त्याच महिन्यात मिरजेहून आई आली होती. चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये मी घरून काम करायचे तेव्हा एसी बाविसावर असायचा. जरा कमी कर गं, असं आईने दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझी मीटिंग नुकतीच फिसकटली होती, आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"आई, तू अगदी नेश आहेस," मी म्हटलं. वर अर्थही सांगितला, टोमण्याचा. मऊ तेवढं गाळलं.

ती हसली. पुन्हा तिने एसीचं नाव काढलं नाही. दुपारी मात्र मेथीची जुडी घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत निवडत बसायला लागली. आई इथे चांगली रमली, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. तिला विमानात बसवून परतले, तर लिफ्टपाशी शेजारच्या चिनी आंटी भेटल्या.

"युअर मदर एव्हरी डे कम डाउन," त्या म्हणाल्या, "हँड्स सो कोल्ड, लाह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोनवर माफी मागायचा धीर झाला नाही. समोरासमोर बोलू, असं म्हणत वर्ष काढलं.

यंदा ती पुन्हा आली. मी सकाळपासून एसी बंद ठेवून खिडक्या सताड उघडल्या होत्या. दारात चपला काढण्याआधी तिने पिशवीतून स्वेटर काढून अंगात घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. कपाळावर घाम आला होता.

"आई, एसी बंदच आहे. काढ तो. माझं चुकलं होतं गं," मी म्हटलं आणि गाळलेला अर्थही सांगितला.

"असू दे," ती म्हणाली. "तुला उकडतंय."

आणि टेबलावरचा रिमोट उचलून एसी तिनेच लावला.