कमलबाईचा भेगाळलेला अंगठा

आमच्या पॅकिंग हॉलमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. जालना एमआयडीसीतली बियाण्यांची कंपनी, बियांना लावायचं लाल औषध, डोक्यावर दिवसभर गरगरणारे पंखे आणि लाइनवर सगळ्या बायका. मी तिथली सुपरवायझर. यंदा उन्हाळ्यापासून आमच्याकडे एकच विषय चालू आहे, कातडीचा! इतकं साठलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

*

सुरुवात केली हजेरीच्या नव्या मशीननं. कमलबाई मूळची केदारखेड्याची, आमच्याकडे कंत्राटावर. हंगाम संपला की काम सुटायचं आणि पुढच्या वेळी बोलावतील की नाही, याचा तिला घोर. हाताचा लाल रंग काढायला ती रोज कपडे धुवायची पावडर वापरायची. त्यानं बोटं पार भेगाळली होती. अंगठा ठेवला की मशीनमधली बाई म्हणायची, "प्लीज ट्राय अगेन."

एचआरचे देशमुख सर म्हणाले, "अंगठा नाही तर हजेरी नाही. हजेरी नाही तर पर्मनंटच्या यादीत नाव नाही."

मागं रांग खोळंबलेली. कमलबाई मशीनकडं बघत राहिली आणि म्हणाली, "इतकं गोड बोलून मला आजपातुर कोणी न्हाई म्हणलं नव्हतं!"

*

शबाना आपा तिच्या शेजारी बसायची. तिच्याकडे प्रत्येक दुखण्यावर इलाज तयार. दुसऱ्या दिवशी तिनं कमलबाईच्या अंगठ्याला खोबरेल तेल चोपडलं. "बिलकुल फिकर मत कर. अब जल्दी लगेगा."

लागलं काहीच नाही, पण मशीनच्या काचेवर तेलाचा असा थर बसला की मागच्या कुणाचाच अंगठा उमटेना. त्या दिवशी आमची अख्खी शिफ्ट गैरहजर लागली. देशमुख सरसुद्धा!

वैतागून सरांनी कमलबाईचा अंगठा होता तसा, भेगांसकट, नव्यानं नोंदवून घेतला. मशीननं तो घेतला. कमलबाईचा जीव भांड्यात पडला.

*

हजेरी लागायला लागली, पण हात दुखायचे थांबले नाहीत. डब्यातला ठेचा बोटांना लागला की कमलबाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला बघवेना. कंपनीत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी तिला धरूनच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला. "कातडीतलं तेल कमी होणं वेगळं आणि पाणी कमी होणं वेगळं. तेल त्या पावडरीनं गेलं. पाणी किती पिता?"

"पीतच न्हाई. बाथरूम लई लांब हाय, लाइन सोडून कोण जाईल?"

"मग तुमचं तेलही गेलंय आणि पाणीही."

कमलबाई गंभीर होऊन म्हणाली, "मंग राह्यलं काय माह्याकडं?"

*

आता माझंच सांगते. मोबाइलवर बघून मी चेहऱ्याला लावायचं एक महागडं सीरम मागवलं होतं. मे महिन्यातलं जालना, कोरड्या चेहऱ्यावर ते लावलं आणि ऑफिसात एसीसमोर जाऊन बसले. तासाभरात चेहरा असा ताणला की हसता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे ओल्या चेहऱ्यावर लावायचं आणि वरून क्रीम लावायचं. नाहीतर त्यानं ओल धरायची तरी कुठून?"

शबाना आपानं माझ्याकडे नीट बघितलं. "सूखना तो यहाँ मुफ्त में होता था, ताई. इत्ता खर्चा कायकू किया?"

*

मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून हॉलमध्ये नवीन कायदे आले. पावडरीनं हात धुवायचे नाहीत, साधा साबण आणि साधं पाणी. काम करताना हातमोजे काढायचे नाहीत. हात पुसल्यावर ओलसर असतानाच व्हॅसलीन. आणि पाणी प्यायचंच! सगळ्या जणी एकदम पाणी प्यायच्या, त्यामुळे सगळ्या एकदम उठायच्या. सर धावत आले. "बायका कुठं गेल्या? संप आहे का?"

"न्हाई सर," दारातून परतणारी कमलबाई म्हणाली, "विलाज चालू हाय."

आणि खरंच गुण आला! दिवाळीच्या आधी तिचे हात इतके मऊ झाले की ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावून बघायला लावायची. मला तर घरच्या कुणाचं दुखणं बरं झाल्यासारखा आनंद झाला.

*

पर्मनंटची यादी जायची त्या दिवशी कमलबाई नवी साडी नेसून आली. कालपर्यंत कसाबसा लागणारा अंगठा ऐटीत ठेवला. "प्लीज ट्राय अगेन." पुसून ठेवला. पुन्हा तेच. सरांनी काच साफ केली, तिचा अंगठा स्वतः धरून दाबला. मशीन ऐकेना.

सरांनी कॉम्प्युटरवर तिचा नोंदवलेला अंगठा काढला. पडद्यावर आडव्यातिडव्या भेगा. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. एकही भेग नाही. "कमलबाई, सिस्टीममध्ये आहे तो अंगठा हा नाहीच. मी आता काय करू?"

कमलबाईनं दोन्ही हात सरांच्या टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले.

"सर, एवढंच सांगा. पर्मनंट मला करून राह्यले, का माह्या भेगांला?"

सरांनी फोन उचलला. "यादी थांबवा जरा," ते म्हणाले, "एक नाव राहिलंय."