साहेब खिडकीत आहेत

घरात पिशवीच्या आत पिशव्या साठतात, तसे नोकरीत किस्से साठतात. फेकवत नाहीत आणि चारचौघांत काढायची लाज वाटते. तरी तुम्ही आपलीच माणसं, म्हणून सांगतो.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात दिवसपाळीच्या इन्चार्जची खुर्ची रिकामी होतेय. नाव सुचवणार पुण्याहून आलेले नवे साहेब, वयानं माझ्याहून लहान. उमेदवार तिघं: कदम, शेखभाई आणि मी. पाळ्या करून जीव विटलाय, आता कायमची दिवसपाळी मिळावी, एवढीच तिघांची धडपड.

*

कदम हातात फाइल घेऊन सारखा झपाझप चालत असतो. एकदा मी आडवा गेलो.

"एवढ्या घाईत कुठं रे?"

"कुठं नाय! सरक, साहेब खिडकीत आहेत!"

मी सरकलो. दुसऱ्या दिवसापासून मीही एक फाइल धरली.

*

शेखभाई रात्रीच मेल लिहून ठेवतात आणि ती पहाटे पाचला आपोआप जाईल अशी सोय करतात. एकदा साहेब खरंच जागे होते. मेल बघून त्यांनी लगेच फोन लावला. उचलतो कोण? सकाळी साहेबांनी विचारलंच.

"फोन सायलेंट था साब. पूरा ध्यान मेल में था!"

साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

साहेबांच्या विनोदाला पहिलं हसायचं, हा माझा नेम. परवा मीटिंगच्या खोलीत साहेब म्हणाले, "काल आमच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या..."

मी खो खो हसलो. मागं पडायला नको म्हणून कदम माझ्याहून मोठ्यानं हसला.

"फ्रॅक्चर आहे," साहेब म्हणाले.

कदमच सावरला. "साहेब, रक्त लागणार का? माझं घ्या!"

त्या खोलीत पाऊल टाकलं की अजून माझे कान तापतात.

*

साहेबांच्या वाढदिवसाला त्यांचा फोटो मी स्टेटसला ठेवला. बायकोनं बघितला आणि म्हणाली, "माझा कधी ठेवलाय?"

तरी मी स्टेटस काढलं नाही.

*

थंडीत साहेबांना फुलंब्रीजवळच्या आमच्या शेतात हुरड्याला नेलं. आमचे वडील, दादा, गावात फटकळ म्हणून नावाजलेले. आमदार आला तरी बाजेवरून न उठलेला माणूस! साहेब गाडीतून उतरले आणि दादा हात जोडून उभे राहिले.

"दादा, बसा ना," मी म्हणालो. ते बसले नाहीत. आगटीच्या निखाऱ्यांतली कणसं स्वतः काढली, चटके सोसत तळहातावर चोळली आणि दाणे साहेबांच्या पुढं धरले.

"साहेब, पोरगं घरी आलं तरी तुमचंच नाव घेतं बघा. म्हणतं, असा देवमाणूस पाह्यला नाय!"

घरी मी साहेबांचं नाव घेतो, हे खरंय. कोणत्या शब्दांत घेतो, ते दादांनी ऐकलेलं आहे.

साहेब खूश! जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. मला मान वर करवेना.

गाडी रस्त्याला लागली. दादांनी भाजलेले हात बादलीत बुडवले आणि हळूच विचारलं,

"बराबर बोललो ना रं? का कमी पडलं?"