दादाचा साहेब आणि तुटकं नाक

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतच जातात. दादाची खोली रिकामी करायला मी टोकियोला आलो, तर त्याच्या कॉलेजात जो भेटतो तो एक किस्सा हातात देतो. बॅग भरली, किस्से संपत नाहीत.

*

दादा इथे एका इंग्रज साहेबावर पीएचडी करत होता. फोनवर सारखं साहेब, साहेब. आई दर दिवाळीला साहेबासाठी चकल्यांचा वेगळा डबा पाठवायची. साहेब दोनशे वर्षांपूर्वीच मेलाय, हे मला परवा कळलं. दादाच्या रूममेटने, केतनने सांगितलं.

"मग चकल्या?"

"मी खायचो. साहेबाच्या वतीने."

*

केतन सांगत होता, साहेब खासदार होता, पण त्याचा सगळा जीव रोमच्या जुन्या फुटक्या पुतळ्यांत. घरी आणायचा आणि नवी नाकं, नवे हात बसवून घ्यायचा.

"म्हणजे आमच्या गॅरेजसारखंच," मी म्हटलं.

"तुझा दादा सेमिनारमध्ये तेच बोलला. माझा भाऊ साहेबाच्या कारागिरांपेक्षा बरा, म्हणाला."

मी नववी नापास. दादा चारचौघांत माझं नाव घ्यायचा?

*

दादाचे सर, मोरी-सेन्सेई. त्यांनी मला स्टेशनवर नाकावरून ओळखलं. आम्हा भावांचं नाक एकच, बाबांचं.

सेन्सेई म्हणायचे, पुतळ्यांची नवी नाकं खोटी, काढून टाका. दादा म्हणायचा, "राहू द्या. फक्त खाली लिहा, नाक नवीन आहे." एकदा भांडता भांडता दोघं उलट्या ट्रेनमध्ये बसले. शेवटच्या स्टेशनवर उतरले आणि प्लॅटफॉर्मवर पुन्हा सुरू.

*

दादाच्या टेबलावर साहेबाच्या एका पुतळ्याचं डोकं होतं, प्लॅस्टरची नक्कल. नाक तुटलेलं. माझ्या बॅगेत दादाच्या अस्थी, डोक्याला जागा नव्हती. इथे जळणाऱ्या आणि न जळणाऱ्या कचऱ्याचे वार वेगळे, म्हणून केतनने पालिकेच्या ऑफिसला फोन लावला.

"ऑफिसातल्या बाई विचारतायत, जळणारं आहे का?"

मी त्याच्या हातातून फोन घेऊन बंद केला.

*

मग दुकानातून पुट्टी आणली आणि नाक बसवलं. रोमन नाक कसं असतं, मला काय माहीत. हाताला आलं तसं केलं. डोकं उचलून सेन्सेईंकडे नेलं.

"तुम्ही ठेवा."

ते बराच वेळ त्या नाकाकडे बघत होते. मग माझ्याकडे.

"चुकीचं आहे," केतनने त्यांचं बोलणं सांगितलं.

"मग काढा म्हणावं."

सेन्सेईंनी डोकं आपल्या कपाटात ठेवलं. चष्मा लावून एक चिठ्ठी लिहिली, खाली चिकटवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"काय लिहिलंय?"

केतनने दोनदा वाचलं.

"नाक नवीन आहे. काढू नये."