निळ्या रिळावर टेकलेलं कार्ड

आमच्या घरात दोन माणसं राहतात आणि दोघंही मापाची पक्की. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, बावीस वर्षं इमारतींचे नकाशे काढत आली. जिन्याची पायरी पाच मिलिमीटरनं चुकली तर तिला जेवण जात नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. सरकलेला स्वल्पविराम मला लांबून दिसतो. अशा या दोघांनी मिळून घरच्या कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याआधी चाळीसेक अनोळखी लोकांची मतं वाचली, खोक्यावरचा बारीक मजकूर दोनदा वाचला. कार्डाची लांबी तेवढी कुणीच पाहिली नाही.

जुनं कार्ड रविवारी दुपारी जळालं होतं. एरवी आम्ही महिनाभर चर्चा केली असती, पण ताईला सवड नव्हती. तिचं ऑफिस आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं. तेव्हापासून तिनं किती अर्ज केले ते मी विचारत नसे आणि ती सांगत नसे. आता एका ऑफिसनं परीक्षेपुरतं एक काम दिलं होतं: अजून न बांधलेल्या शाळेतून माणसाला फिरवून आणणारी दोन मिनिटांची फिल्म, सोमवारी दुपारी चारपर्यंत. नकाशे तयार होते. त्यांची फिल्म करायला कॉम्प्युटरला ताकदीचं कार्ड लागतं, आणि तेही तीन तास घेणार होतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी कॉम्प्युटरचा डबा उघडून कार्ड आत धरलं. ते पुढच्या बाजूच्या लोखंडी पिंजऱ्यावर आपटलं. त्या पिंजऱ्यात हार्ड डिस्क बसवलेली होती, आणि पिंजरा डब्याला रिबिटांनी ठोकलेला. मी कार्ड तिरकं धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. ताई स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, “जाऊ दे. तसंही ते ऑफिसवाले कुणीतरी तिशीतलंच घेणार.”

ताई चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चपला घातल्या आणि टेपमावशीला आणायला गेलो.

टेपमावशीचं दुकान आमच्या मागच्या रस्त्यावर आहे. पाटीवर ‘कपडे व कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं लिहिलेलं आहे, आणि दोन्ही शब्दांना अक्षरं एकाच आकाराची आहेत. गळ्यात मोजायची टेप चोवीस तास, म्हणून हे नाव. नवा कपडा तिनं कधीच शिवला नाही. लोकांची वाढलेली शरीरं आणि न वाढलेले कपडे यांच्यात तडजोड घडवून आणणं हा तिचा धंदा. बारा वर्षांपूर्वी शेजारचा कॉम्प्युटरवाला एका सकाळी किल्ली तिच्याकडे ठेवून गावाला गेला तो आलाच नाही. दुकानात लोकांची अकरा यंत्रं उघडीनागडी पडलेली. गिऱ्हाइकं रोज मावशीपाशी येऊन कटकट करायची. पंधरा दिवस तिनं ऐकून घेतलं, मग एक यंत्र पुढ्यात ओढलं. वायर काढण्याआधी तिची जागा खडूनं आखायची, एका वेळी एकच वायर काढायची, हा नियम तिनं स्वतःच बनवला. अकरांपैकी नऊ सुरू झाली. उरलेल्या दोन यंत्रांच्या मालकांना तिनं भरपाई म्हणून पँटी अल्टर करून दिल्या. त्यातला एक अजून तिच्याकडेच येतो, दोन्ही कामांसाठी.

वाटेत मी तिला शाळेच्या फिल्मचं सगळं सांगितलं. मावशी घरी आली, हातातलं घड्याळ काढून ठेवलं, डब्याच्या पत्र्याला बोट लावलं (अंगातली वीज तिथे उतरते, नाहीतर ती कार्डाला बाधते) आणि टेप उलगडली. जागा साडेअकरा इंच. कार्ड साडेबारा. दुसऱ्यांदा मोजलं आणि आकडा ताईला वाचायला लावला. हा तिचा रिवाज आहे. मापावर गिऱ्हाइकाची साक्ष घेतल्याशिवाय ती कात्री उचलत नाही.

“साडेबारा,” ताई म्हणाली.

“आणि शाळेच्या दरवाजाची मापं घेतलीत ना? का पोरं तिरकी आत शिरणार आहेत?”

ताई आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. माझ्या लक्षात राहिलेली वेळ आहे, दहा वाजून पाच मिनिटं.

पिंजरा काढायचा ठरला. मला वाटलं, चार रिबिटा ड्रिलनं उडवल्या की झालं. मावशीनं आधी आतलं सगळंच बाहेर काढायला घेतलं. टेबलावर जाड कापड अंथरलं, त्यावर खडूनं गोल काढले आणि एकेक स्क्रू आपापल्या गोलात ठेवला. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. मी घड्याळाकडे बघत खाकरलो.

“अंगात कोट असताना मी बाही कापत नाही, दादा,” ती मान वर न करता म्हणाली. “लोखंडाचा कीस बोर्डावर पडला तर हे नवं कार्ड काय भिंतीला टांगायचंय? तुम्ही चहा करा.”

मी चहा केला. हातात काहीतरी काम आलं याचं मला बरं वाटलं.

रिबिटा गेल्या, पिंजरा निघाला, धारेवर मावशीनं कानस फिरवली. ताईच्या बावीस वर्षांच्या नकाशांची हार्ड डिस्क आता उघड्यावर आली होती. ती मावशीनं वरच्या, सीडीच्या रिकाम्या खणात दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या घालून घट्ट बसवली. मग सगळं उलट्या क्रमानं आत गेलं, शेवटी कार्ड. ते खट्‌ करून बसलं, पण वजनानं त्याचं टोक खाली झुकलं. मावशीनं पिशवीत हात घालून निळ्या दोऱ्याचं एक रीळ काढलं, उरलेला दोरा उलगडून गुंडाळून खिशात टाकला आणि ते लाकडी रीळ कार्डाखाली उभं केलं. तिथे ते मोजून घेतल्यासारखं बसलं. खरं तर ते मोजलेलंच होतं. मी चहा करत असताना तिनं पिशवीतली पाच रिळं टेपला लावून पाहिली होती, असं ताईनं नंतर सांगितलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. आठ सेकंदं तसाच. मग उजेड आला. अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

फिल्म तीन वाजून दहा मिनिटांनी तयार झाली. ताईनं ती दोनदा पाहिली, एका खिडकीची सावली तिला खटकली, पण तिनं ती तशीच सोडली, हा तिच्या आयुष्यातला फार मोठा निर्णय असावा. पावणेचारला फिल्म गेली. गुरुवारी उत्तर आलं, की एक तारखेपासून या.

ताई लगेच दुकानात गेली. मीही मागे गेलो. तिनं वाटेत आभाराची दोन-तीन वाक्यं जुळवली होती, ती दारातच विसरली. नुसतीच म्हणाली, “मावशी, काम मिळालं.”

मावशीनं मशीन थांबवलं. ताईला खांद्यापासून खालपर्यंत एकदा बघितलं.

“मग ऑफिसला घालायचा तो कोट घेऊन या. आठ महिन्यांत खांद्यात अर्धा इंच उतरलात. सोमवारीच बघितलं होतं, पण तेव्हा बोलायची वेळ नव्हती.”

कोट मी आणून दिला. खांद्यात बाही त्याच निळ्या दोऱ्यानं शिवलेली आहे.