चुकीला चौकट

देविका चुकली तरी घाबरत नाही, ही विनयाची काळजी होती आणि ती काही केल्या मनातून जात नव्हती. पंधरा वर्षांची पोर, दहावीचं वर्ष. गणित चुकलं की बाकीची मुलं पान फाडतात. ही त्या चुकीभोवती पेनने चौकट आखते, शेजारी तारीख घालते आणि पुढे कधी, दोन दिवसांनी नाहीतर दोन महिन्यांनी, का चुकलं ते कळलं की चौकटीत बारीक अक्षरात कारण लिहून ठेवते. वर वही टेबलावर उघडी टाकून बॅडमिंटन खेळायला जाते. कुणीही यावं आणि बघावं.

तिसरीत असतानाच लक्षण दिसलं होतं. पेपर मिळाला, पैकीच्या पैकी मार्क, वर्गात पहिली. ही तो पेपर घेऊन परत मॅडमसमोर उभी. "मैम, ये वाला गलत है." मॅडम म्हणाल्या, "रहने दो बेटा, दो ही नंबर हैं." पण ही हलेना. शेवटी दोन मार्क कापून घेतले आणि तिसऱ्या नंबरावर नाचत घरी आली. विनयाला त्या दिवशी कौतुकही वाटलं आणि चार बायकांत हसूही झालं. अशा मुलीचं पुढे कसं व्हायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

त्यात घर कुणाचं, तर विष्णुपंतांचं! विनयाचे सासरे, घरातले अण्णा. दिल्लीत एका मंत्रालयात छत्तीस वर्षं नोकरी, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार, आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर नोएडात नवव्या मजल्यावर. अण्णांच्या ऑफिसात कच्चा मसुदा कधी साहेबापुढे गेला नाही. आधी कच्चं, मग त्यावर लाल शाई, मग फेअर. ही रीत त्यांनी घरातही आणली. पाहुण्यांना पाठवायचं पत्र, सोसायटीला द्यायची तक्रार, इतकंच काय, विनयाची वाणसामानाची यादीसुद्धा फेअर होऊनच खाली जायची. सतरा वर्षांत विनयाच्या हातालाही ते वळण लागलं होतं.

नातीच्या वहीकडे बघून अण्णा म्हणायचे, "ही चुकांची सोसायटी बांधतेय. प्रत्येकीला स्वतंत्र फ्लॅट! देविका बिल्डर्स!"

"आजोबा, पझेशन वेळेवर देते ना पण," देविका म्हणायची. बिल्डर वर्षानुवर्षं फ्लॅटचा ताबा देत नाहीत अशा नोएडात राहणाऱ्याला यावर हसण्यावाचून दुसरं काय सुचणार!

गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या उतारावर गणित-विज्ञानाची एक निवासी शाळा आहे. अकरावी-बारावीसाठी दरवर्षी साठच मुलं घेतात. देविकाने तिचं नाव कुठूनसं शोधून काढलं आणि नोव्हेंबरपासून घरात दुसरा विषय राहिला नाही. लेखी परीक्षा होतीच, पण त्याआधी अर्जासोबत एक काम होतं. आपल्या आजूबाजूचा एखादा प्रश्न घ्या, तो सोडवायचा प्रयत्न करा आणि कच्च्या कामाची दहा पानं, जशी असतील तशी, पाठवा.

देविकाने कचरागाडी निवडली. त्यांच्या सेक्टरमध्ये सकाळी राघव गाडी फिरवतो. एकही गल्ली दोनदा न करता त्याला सगळ्या गल्ल्या फिरता येतील का, हा तिचा प्रश्न. डिसेंबरच्या धुक्यात कानटोपी घालून, अण्णांचं जुनं रजिस्टर छातीशी धरून ती अकरा दिवस गाडीमागे हिंडली.

"बिटिया, रस्ता तू ढूँढ ले, डीजल मैं बचाऊँगा," राघव म्हणायचा. "इनाम आधा-आधा."

सहाव्या पानावर तिला रस्ता सापडला. नकाशाही सुबक निघाला. दुसऱ्या दिवशी कळलं, बागेमागची एक गल्ली त्यात राहूनच गेलीय. झालं, सगळ्या पानाभोवती चौकट. आत कारण : गेट बंद दिसलं म्हणून गल्ली नाही असं धरलं, चौकीदाराला विचारलं नाही. मग पुन्हा खोडाखोड, पुन्हा बाण, आणि दहाव्या पानावर उत्तर. असा रस्ता निघूच शकत नाही. चौकात एका गल्लीने आत यायचं तर दुसरीने बाहेर पडायला हवं, म्हणून चौकाला गल्ल्या जोडीने लागतात. विषम गल्ल्यांचा चौक फार तर सुरुवातीला एक आणि शेवटाला एक चालतो. सेक्टरात असे चौक होते चार.

जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा विनयाच्या अंगावर काटा आला. सापडत नाही आणि असूच शकत नाही, यातला फरक या पोरीने कचऱ्याच्या गाडीमागे चालून शोधला होता!

अर्जाची शेवटची तारीख आली त्याच दिवशी देविकाची शाळेत प्री-बोर्डची सराव परीक्षा होती. बूट घालता घालता ती म्हणाली, "आई, दहा पानांचे फोटो काढून अपलोड करून टाक ना प्लीज. बाकी फॉर्म भरलाय."

विनयाने रजिस्टर उघडलं. शाईचे डाग, एका पानावर वरणाचा पिवळा ठिपका, जिथे तिथे चौकटी. मुलाखतीला विस्कटलेल्या केसांनी पोर पाठवावी तसं वाटलं तिला. 'जशी असतील तशी' हे तिने वाचलं होतं. पण पाहुणेही म्हणतात, काही करू नका हो, म्हणून कुणी काही करत नाही का?

"अण्णा, हे असंच पाठवायचं?"

अण्णांनी चष्मा वर केला. "छे! फेअर कर."

दोन तास बसून विनयाने चार पानं लिहिली. ठळक शीर्षक, पट्टीने आखलेला नकाशा, शेवटी अधोरेखित उत्तर. चौकट एकही नाही. फोटो काढले, पाठवले, आणि समाधानाने कुकर लावला. देविका आल्यावर एवढंच म्हणाली, "झालं गं अपलोड."

लेखी परीक्षा झाली. फेब्रुवारीत मेल आला. देविकाला मुलाखतीला बोलावलं होतं, शनिवारी, आणि पाठवलेल्या पानांवरच बोलणं होणार होतं. अण्णांनी पेढे मागवले. देविका तयारीसाठी म्हणून अर्ज उघडून बसली आणि एकेक पान मोठं करून बघू लागली. विनया दारात उभी होती.

"आई, अक्षर कसलं भारी आहे तुझं."

"अगं, फक्त जरा नीट..."

"हो, पण तुझ्या नकाशात गाडी जाते!" आणि देविका हसत सुटली. "बागेमागची गल्ली नाहीये. तू सहाव्या पानावरचा नकाशा घेतलास. ती गल्लीच गाळल्यावर चारातले दोन चौक विषम राहिलेच नाहीत ना यार! खाली लिहिलंय रस्ता नाही, आणि वर चित्रात रस्ता आहे."

विनयाने रजिस्टर ओढून घेतलं. दहाव्या पानावरचा नकाशा गिचमिड होता, सहाव्यावरचा सुबक. म्हणून तिने तोच उतरवला होता.

"आता गं काय करायचं?"

"मी फोन करून सांगते, ही पानं माझी नाहीत."

अण्णा बाहेरून ओरडले, "खुळी आहेस का? बोलावलंय ना? तिथे जाऊन तोंडी सांभाळून घे. स्वतःहून सांगितलंस तर अर्जच बाद करतील!"

"करतील कदाचित," देविका म्हणाली. आवाज थोडा कापला. विनयाला ते कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने लेकीला घाबरलेलं बघितलं. घाबरूनही पोरीने मोबाइल उचलला होता. ही घाबरत नाही, हेच मुळात विनयाने चुकीचं धरलं होतं.

"थांब," विनया म्हणाली. "ऑफिस आता बंद झालं असेल."

देविकाने विनयाची चार पानं प्रिंट केली, दुसऱ्यावरच्या नकाशाभोवती चौकट आखली, तारीख घातली आणि पेन आईपुढे धरलं. "कारण तू लिही. घाई नाही."

ती चौकट रात्रभर टेबलावर रिकामी होती. सकाळी यशोधन, देविकाचे बाबा, गुरुग्रामच्या कॅबसाठी खाली उतरले, देविका शाळेला गेली. विनयाने पेन घेतलं आणि लिहिलं : स्वच्छ दिसला म्हणून बरोबर धरला. मुलीला विचारलं नाही.

साडेनऊला तिने अर्जावरचा नंबर काढला. अण्णा पेपर खाली ठेवून बघत होते.

"काय बोलायचं ते कागदावर उतरवून तरी घे," ते म्हणाले. "मी फेअर करून देतो."

"नको अण्णा. जसं येईल तसं बोलते," विनया म्हणाली आणि तिने नंबर लावला.