वासंतीने बांधलेली पडवी

वासंतीचा नंबर मोबाइलवर दिसला तेव्हा मी आधीच तापलेले होते. आंबिवलीच्या शाळेतल्या पडवीचं भांडण पुन्हा उफाळून आलं होतं आणि ही बाई फोन उचलत नव्हती. "अगं, आहेस कुठे?" मी तोंड सोडलं, तर पलीकडे तिचा भाचा होता. "मावशी गेली... सकाळीच." महिना उलटला. डोळ्यांत पाणी येतं, पण त्याआधी राग येतो. एवढं भांडण माझ्या गळ्यात टाकून अशी कशी गेली ही?

वासंती आर्किटेक्ट. नौपाड्यात तिचं दोन खोल्यांचं ऑफिस, आणि जीव सगळा शाळांच्या कामात. आंबिवलीच्या शाळेत मी शिकवते. तिथे गावातली मुलं आणि नव्या कॉम्प्लेक्समधली मुलं एकाच वर्गात. गावातल्या मुलांच्या डब्यात सुकट, बोंबील. मग बाकीच्यांचे नाकाला रुमाल, पालकांच्या तक्रारी. एका मुलीने तर डबा उघडणंच सोडलं. संस्थेने वासंतीकडे डबे खायला दोन वेगळ्या खोल्या मागितल्या. तिने साफ नकार दिला. "वास वाऱ्याने जाईल गं, पोरांनी कुठे जायचं?" असं म्हणून तिने दोन्ही बाजूंनी उघडी पडवी काढली आणि तीत कडप्प्याचं एकच लांबलचक टेबल, जमिनीत पक्कं रोवलेलं. सुटी टेबलं मुलं ओढून लांब नेतात, हे तिने पाहिलं होतं. "हे हलवून दाखवा म्हणावं!"

गंमत म्हणजे मासळीचा वास तिला स्वतःलाच सोसायचा नाही. पडवी सुरू झाली त्या दिवशी ती मुद्दाम त्याच मुलीशेजारी जाऊन बसली. चेहरा कसनुसा झालेला. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाला वास येतो ना? मी तिकडं बसू?"

"येतो की. पण म्हणून तू कशाला उठायचंस? बस, जेव."

मुलीने डबा उघडला. त्यानंतर वासंती आली, की तिच्याच शेजारी बसायची.

आता संस्थेला त्या पडवीत पार्टिशन घालायचंय. शोकसभाही तिथेच ठेवली. टेबलावर मधोमध खडूची रेघ मारून तयार होती, कडेच्या खुर्चीवर वासंतीचा हार घातलेला फोटो. अध्यक्ष गहिवरून बोलले आणि शेवटी म्हणाले, "शाकाहारी बाजूला आपण वासंतीताईंचं नाव देऊया. त्या स्वतः शाकाहारी होत्या..." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं. मी उठले, फोटो उचलला आणि टेबलावर बरोब्बर त्या रेघेवर ठेवला.

"घाला आता पार्टिशन," म्हटलं.

फोटो अजून तिथेच आहे, दोन्हीकडून मुलं जेवतात. मी मात्र रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघून येते. भरवसा नाही कुणाचा.