शेड आहे, बस नाही

समस्त आप्तेष्टांना, मित्रमंडळींना आणि लंडनजवळच्या स्लाऊच्या बसथांब्यांवर ताटकळणाऱ्या तमाम जनतेला कळवण्यात येते की, फिलिपिन्समधल्या एका प्रांताचे चार वेळा निवडून आलेले माजी गव्हर्नर, आणि स्पॅगेटीत साखर घालणारे माझ्या ओळखीतले एकमेव सभ्य गृहस्थ, माननीय तेओ यांचे गेल्या महिन्यात निधन झाले. अशी दवंडी त्याला फार आवडली असती. मला ती बातमी त्याच्या मुलीने, इसाबेलने, फोनवर चार शब्दांत दिली. "टिटो, बाबा गेले सकाळी." टिटो म्हणजे त्यांच्याकडचा काका. त्यानंतर बराच वेळ मी किचनमध्ये किटली हातात धरून उभा होतो, आणि ती भरलेली नव्हती.

तीस वर्षांपूर्वी कार्डिफला आम्ही एका घरात राहायचो. दोघंही वाहतूक नियोजन शिकत होतो. मी नोकरी मिळेल म्हणून आणि तो निव्वळ प्रेमापोटी. रविवारी बाकीचे समुद्रावर जायचे. तेओ डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायचा, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचा आणि कुठे किती माणसं चढली ते वहीत टिपायचा. घराणं मात्र राजकारणातलं. आजोबा गव्हर्नर, वडील गव्हर्नर, थोरला भाऊ गव्हर्नर... मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही.

थोरला भाऊ हृदयविकाराने अचानक गेला. तेओ अंत्यविधीला जाऊन परत आला, पण निवडणूक तोंडावर होती आणि आईचे फोन सुरू झाले. इथे एका कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, बसमार्ग आखायच्या नोकरीसाठी त्याचा गुरुवारी इंटरव्ह्यू होता. तो मला म्हणाला, "अभि, गुरुवारपर्यंत मी घरी नाही. नोकरी मिळाली की मीच तिला सांगेन. आत्ता तिचा आवाज ऐकला, तर मला नाही म्हणता येणार नाही."

मंगळवारी हॉलवेतला फोन वाजला. तेओ जिन्यात उभा राहून दोन्ही हातांनी नाही, नाही करत होता. पण घरात आणखी दोन मित्र जेवायला आले होते, म्हणजे प्रेक्षक होते, आणि प्रेक्षक दिसले की माझ्या अंगात येतं. मी रिसीव्हर तबकासारखा तळहातांवर घेतला, एक गुडघा टेकला आणि गरजलो, "गव्हर्नरसाहेब, जनता आपली वाट पाहते आहे!" पलीकडे आईला सगळं ऐकू गेलं. मित्र खो खो हसले. तेओने फोन घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "ओपो." म्हणजे, हो जी. थोड्या वेळाने पुन्हा, "ओपो." बुधवारी त्याचं विमान होतं.

सलग तीन टर्म तो निवडून आला. चौथी लगेच घ्यायला तिथला कायदा परवानगी देत नाही, म्हणून बायको उभी राहिली, खुर्ची घरातच राहिली, मग पुन्हा हा. पहाटेपासून दारात रांग. कोणाला औषध हवं, कोणाला मुलीची फी, कोणाला वडिलांसाठी शवपेटी. संध्याकाळी गावोगावच्या मयताला हजेरी. तिकडे प्रेत घरात कित्येक दिवस ठेवतात, आणि गव्हर्नर टेकून गेला नाही तर अख्खं घर रुसतं. "आता जिवंत माणसांपेक्षा गेलेलीच माझ्या जास्त ओळखीची आहेत," तो म्हणायचा. एकदा त्याने फोटो पाठवला. हमरस्त्यावर गुलाबी प्रवासी शेड, छपरावर घराण्याचं नाव हातभर अक्षरांत आणि खाली याचा हसरा चेहरा. मी लिहिलं, "वा! अखेर वाहतूक नियोजन!" उलट उत्तर आलं, "शेड आहे. बस नाही." रस्त्यावरच्या सगळ्या प्रवासी जीपा त्याच्या मामांच्या होत्या, आणि मामांशिवाय निवडणूक जिंकता येत नव्हती.

शेवटी त्याला पाडलं ते सख्ख्या पुतण्याने. काका-पुतण्याच्या गोष्टी आपल्याकडेच घडतात असा माझा उगाच अभिमान होता, तो गेला. मग तेओ इसाबेलकडे स्लाऊला आला. ती इथे हॉस्पिटलात नर्स आहे. आजारी होता, तरी माझ्याबरोबर बसने फिरायचा. मी अजून कौन्सिलमध्ये बसमार्गच आखतो. खरं तर ती त्याची नोकरी. शेवटच्या भेटीत वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर बसून त्याने माझा नवा मार्ग पाहिला आणि हळूच म्हणाला, "इथे उजवीकडे वळायला हवं होतं, अभि. त्या बाजूला म्हातारी माणसं राहतात." बरोबर होतं त्याचं. त्या मंगळवारचं बोलायचं म्हणून मी महिनाभर मनाशी घोकत होतो. तेव्हा म्हणालो काय, तर "हुकूम, गव्हर्नरसाहेब!" तो हसला. आमचा स्टॉप आला... आम्ही उतरलो.

नवव्या दिवशीच्या प्रार्थनेला चर्चच्या हॉलमध्ये पन्नासएक फिलिपिनो नर्सेस आणि एक मी. तेओचा धाकटा भाऊ खास मनिलाहून आला होता. आमेन झाल्यावर त्याने दोघांना हाताशी घेऊन एक भलामोठा बॅनर उलगडला. ढगांत हसणारा तेओ, आणि खाली, त्याच्याइतक्याच आकारात, इसाबेल. खाली लिहिलेलं, "वारसा पुढे नेऊया". ती पुतण्याविरुद्ध उभी राहणार हे घरात ठरलं होतं म्हणे. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. काही जण माझ्याकडेही बघू लागले, कारण अशा वेळी मी काहीतरी म्हणतो हे तिथे माहीत आहे. फर्मास ओळ सुचलीही होती. मी जीभ दाताखाली धरली आणि हात खिशात घातले.

इसाबेल नूडल्सची डिश धरून स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत उभी होती. टाळ्या विरेनात, तेव्हा ती एकदम मोठ्याने म्हणाली, "अहो, पण सोमवारी माझी अर्ली शिफ्ट आहे!"